वरचा परिच्छेद

माझ्या बायकोचा खोकला टीव्हीवर आला तेव्हा माझ्या अर्ध्या तोंडाला साबण होता. डावा गाल होऊन गेला होता, उजवा गाल पांढराशुभ्र फुगून वाट बघत होता, आणि समोरच्या आरशात, मागच्या भिंतीवरचा टीव्ही ज्यात उलटा दिसतो त्या आरशात, चार माणसं एका खोकल्यावरून भांडत होती. निवेदिकेने उद्याचं तापमान सांगावं तशा आवाजात वाचलं, ‘बहिणीचा खोकला अजून हटत नाही. काल सकाळी अकरा वेळा. मी मोजतो हे तिला आवडत नाही, म्हणून ती आता उशीत तोंड घालून खोकते, आणि मी अकरावर थांबतो.’ मग ती चौघांकडे वळली. पहिला म्हणाला, अकरा म्हणजे अकरा टक्के, हे शाळेतलं पोरही सांगेल. दुसरा म्हणाला, टक्क्यांचं राहू द्या, उशी बघा, उशी म्हणजे परदेशातलं खातं. तिसरा निवृत्त अधिकारी होता, त्याने डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, बहीण म्हणजेच बँक. चौथ्याला बोलूच देत नव्हते. न्हाव्याचा वस्तरा माझ्या कानापाशी थांबला. “काय डोकं असतं ना काका या लोकांचं,” तो म्हणाला, “खोकल्यात कोट्यवधी लपवतात. आपण खोकलो तर नुसता कफ.” मी म्हणालो, “हो ना.” तो म्हणाला, “हलू नका.” पण मी हललो. हललो कसला, उठलो, गळ्यातल्या फडक्याने साबण पुसला, ते खुर्चीवर टाकलं आणि दारात आलो. “अहो काका, अर्धी राहिली!” “उद्या करू.” “उद्या डावी उगवलेली असेल ना!”

रस्त्यावर रविवार होता. दुकानं बंद, कुत्री निवांत. मी भराभर चालायला लागलो, म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या मानाने भराभर, कारण मला घरी एका वर्तमानपत्राच्या आधी पोचायचं होतं. आमच्याकडे रविवारचं वर्तमानपत्र नऊच्या सुमाराला येतं, दाराच्या फटीतून आत सरकतं आणि मुलगी उठेपर्यंत तिथेच पडून असतं. मुलगी आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. हनुवटी इथे ठेवा, डावा डोळा झाका, आता सगळ्यात खालची ओळ वाचा. रविवारी ती उशिरा उठते, चहाचा कप घेऊन जमिनीवर बसते आणि वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून तळाच्या मुद्रकाच्या पत्त्यापर्यंत वाचते. चारचौघे माझ्या बायकोच्या खोकल्याला काय वाटेल ते म्हणोत, सगळ्या देशाने मिळून त्यातून सोनं काढलं तरी माझी हरकत नव्हती. या जगात एकच माणूस होतं जे ती ओळ वाचून म्हणणार होतं, ही तर आई. आणि एकदा वरचा परिच्छेद ओळखला की डोळा आपोआप खाली घसरतो. खालच्या परिच्छेदात माझ्या बायकोचं काही नव्हतं. माझं होतं.

परिच्छेदांचं सांगायला हवं. मी एकतीस वर्षं मालकांचा स्वीय सहायक होतो. ऑफिसात मला नुसतं ‘स्वीय’ म्हणत, जणू मी कुणाचा सहायक नव्हतोच, आपला आपलाच होतो. मालकांचं बाजाराचं वर्तमानपत्र होतं, शेअरचे भाव, बँका, जकात, कोण बुडालं, कोण बुडणार. ते निघायचं सकाळी, पण खरं वर्तमानपत्र निघायचं दुपारी तीन वाजता, माझ्या टाइपरायटरवर, एका प्रतीत, एका वाचकासाठी. वाचक म्हणजे अर्थमंत्री. काय छापणार, काय नाही छापणार, काय मंगळवारपर्यंत थांबवणार आणि त्या थांबवण्याच्या बदल्यात काय, हे सगळं त्या पत्रांत असायचं. नोकरी लागल्याच्या सातव्या वर्षी मालकांनी मला बोलावून सांगितलं, “नुसत्या कामाचं पत्र नको. कामाचं पत्र सापडलं तर पुरावा होतो. वर एक परिच्छेद घरचा टाका. मग ते मैत्रीचं होतं.” मी विचारलं, “कुणाच्या घरचा?” मालक खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची बायको दुसऱ्या देशात राहायची, मुलगे वकिलामार्फत बोलायचे, एक कुत्रा होता तो त्यांना घाबरून सोफ्याखाली राहायचा. “कुणाच्याही टाका,” ते म्हणाले, “माझ्या घरात काही घडत नाही.” त्या दिवशी सकाळी आमच्या बबडीला पहिला दात आला होता. मी तो टाकला. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला मुलीचा दात शोभेना म्हणून ‘नातीला’ केलं. खाली छपाईच्या कागदावरच्या जकातीबद्दल चार ओळी. आठ दिवसांनी मंत्र्यांकडून चांदीची वाटी आली. मालकांनी ती पेपरवेटसारखी फिरवून बघितली आणि म्हणाले, “घेऊन जा. तुमच्याच दाताची आहे.”

ती वाटी अजून आमच्या फडताळात आहे. त्या वाटीतून दूध पिऊन वाढलेली बबडी एकदा मालकांची नात झाली होती. चार वर्षांची असताना. अर्थमंत्री मालकांकडे जेवायला आले आणि हात पुसता पुसता म्हणाले, “नातीला तर बोलवा. इतकं वाचलंय तिच्याबद्दल, आता बघितल्याशिवाय जाणार नाही.” मी दाराशी उभा होतो. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. पंधरा मिनिटांत ऑफिसची गाडी माझ्या घरी, वीस मिनिटांत बायकोने पोरीला इस्त्रीचा फ्रॉक घातलेला, पस्तिसाव्या मिनिटाला ती मंत्र्यांच्या मांडीवर. छान बसली होती. मंत्र्यांनी मालकांकडे बोट दाखवून विचारलं, “हे कोण?” ती बराच वेळ मालकांना न्याहाळत राहिली आणि म्हणाली, “माहीत नाही. पण बाबा ह्यांना घाबरतो.” मंत्री एवढे हसले की पाणी मागवावं लागलं. मुलगे वकिलामार्फत बोलतात हे त्यांना माहीत होतं, त्यांना वाटलं पोरगी आपल्या बापाबद्दलच बोलते आहे. त्या आठवड्यात जकात दोन टक्क्यांनी उतरली. खरंच उतरली. कोपऱ्यावर थांबून मी दम घेतला तेव्हा मला ते आठवून हसू आलं, आणि समोरून येणाऱ्या बाईने माझा अर्धा घोटलेला चेहरा हसताना बघून रस्ता बदलला.

नियम असा होता की पत्राची नक्कल ऑफिसबाहेर न्यायची नाही. पण वरचा परिच्छेद मला पाठ असायचा, माझाच होता. संध्याकाळी बायको भाजी चिरायला बसली की मी दारातच म्हणून दाखवायचो. ती सुरी थांबवून ऐकायची. मग म्हणायची, “पुन्हा.” मी पुन्हा म्हणायचो. मग चुका. “दूध उतू गेलं ते मंगळवारी, तुम्ही सोमवारी घातलंत. मंत्र्याला खोटं सांगू नये.” मालकांच्या घरात स्वयंपाक करणारी, खिडकीच्या काचा पुसणारी, भांडणारी कुणीतरी बाई पत्रांसाठी हवी होती, म्हणून मी बायकोला मालकांची विधवा बहीण केलं होतं. तिने ते ऐकून सुरी खालीच ठेवली. “म्हणजे तुम्ही मला विधवा केलंत.” “कागदावर.” “आणि मी त्या माणसाची बहीण. मग तुम्ही त्याचे मेव्हणे झालात की.” “वारलेला मेव्हणा.” “तरीच एवढा पगार,” ती म्हणाली. नंतर तिला त्याची गोडी लागली. काही विशेष घडलं की मला बजावायची, “हे आत टाका हं,” आणि काही वेळा, “हे नका टाकू, हे आपलं.” ते आपलं काय होतं ते मी आताही कुठे टाकणार नाही.

मंत्र्यांकडून उत्तरं यायची त्यांतही वरचा परिच्छेद असायचा. मंत्री सडेफटिंग, सरकारी बंगल्यात एकटे. पण पत्रात त्यांच्याकडे एक मांजर होतं, एक न लागणारी खिडकी होती, आणि एक म्हातारी आई, जी घरातल्या किल्ल्या लपवून ठेवायची आणि कुठे लपवल्या ते विसरायची. मंत्र्यांची आई ते सात वर्षांचे असताना वारली होती, हे आमच्याच वर्तमानपत्राने त्यांच्या चरित्रात छापलं होतं. तेव्हा मला कळलं की तिकडेही कुणीतरी टाइपरायटर घेऊन बसलेलं आहे. मी त्याला मनात ‘तिकडचा’ म्हणायला लागलो. आम्ही एकमेकांना कधी भेटलो नाही, फोनवरसुद्धा नाही. तो मंत्री व्हायचा आणि मी मालक, आणि आमच्या दोघांच्या पायाखालून जकाती, कर्जं, रोखे वाहत जायचे. त्याच्या आईने एकदा तेरा दिवस कपाटाची किल्ली लपवली होती आणि मी मालकांच्या नावाने सुचवलं होतं, ‘तांदळाच्या डब्यात बघा.’ तिथे सापडली. त्या पत्राच्या खालच्या परिच्छेदात एका कारखान्याचा परवाना होता. तो कुणाला मिळाला ते मला आठवत नाही. मी वाचतच नसे. ही माझी फुशारकी होती. लग्नाकार्यात कुणी खोदून विचारलं की मी म्हणायचो, “अहो, मी नुसता टाइप करतो, बोटांना डोळे नसतात.” लोक म्हणायचे, वा, असा माणूस हवा.

मागच्या आठवड्यात मालकांच्या मुलांचा वकील आला होता. फळांची टोपली घेऊन, टोपलीवर किमतीची चिठ्ठी तशीच. मालक आता एक्क्याण्णव वर्षांचे, त्यांना कुत्र्याचं नावसुद्धा आठवत नाही, आणि कुत्रा मरून वीस वर्षं झाली. वकिलाने मला कसं काय झालं ते सांगितलं. मंत्री गेल्यावर त्यांच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. एक लोखंडी कपाट होतं, त्याची किल्ली सापडेना, म्हणून ते न उघडताच भंगारात विकलं. भंगारवाल्याने ड्रिल मारलं तर आत सगळी पत्रं, तारीखवार लावलेली. मला हसू आवरेना. वकिलाला वाटलं मी घाबरलोय, त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “तुम्ही काळजी करू नका. चौकशी समिती मंगळवारी बोलावेल. तुम्ही एवढंच सांगायचं, मी टाइप करत होतो, वाचत नव्हतो. टाइप करणारा वाचत नसतो, हे कुणालाही पटतं.” मला आधी बरंच वाटलं. माझंच वाक्य इस्त्री करून मला परत मिळालं होतं. मग मी विचारलं, “आणि बहीण?” “बहिणीचं आमच्याकडे सोपवा. मालकांना सख्खी बहीण नव्हती हे समितीला कळलंय. एक चुलत घराणं आहे, तिथे चौकशी चालू आहे. वयात बसणारी, वारलेली, शक्यतो खोकल्याने. सापडेल.” जाता जाता तो म्हणाला की मंत्र्यांचा सहायक जिवंत असता तर पंचाईत झाली असती, तीन वर्षांपूर्वी गेला बिचारा. त्या रात्री वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मी त्याचा फोटो बघितला, टपालाच्या तिकिटाएवढा. जाडगेला माणूस, मांडीवर मांजर. माझ्या मनात तो बारीक होता.

चौकात वर्तमानपत्राचा ठेला होता. आमच्याकडे येतं तेच, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘खोकल्याचं गुपित’, आणि आत पत्रांची चार पानी पुरवणी. मी विचारलं, “किती आहेत?” “सात उरलीत.” “सगळी द्या.” “सात? काका, घरात कार्य आहे का?” सात प्रती काखेत मारून मी निघालो. सात प्रती घेतल्याने आठवी दाराच्या फटीतून मागे कशी येणार होती, हे मला तेव्हा सुचलं नाही. पण माणूस काहीतरी करतोच. बाजूला जुन्या बँकेची इमारत होती, तिथे आता बुटांचं दुकान आहे, हिरवा दरवाजा तेवढा तोच. मी नेहमी पलीकडच्या फुटपाथवरून जातो. आज घाई होती म्हणून तिच्या समोरूनच गेलो.

ते पत्र गुरुवारचं. वरचा परिच्छेद मी सकाळीच मनात रचला होता, अकरापर्यंत मोजता मोजता. तिकडच्याने आधीच्या पत्रात लिहिलं होतं, ‘बहिणींना उजव्या कुशीवर झोपू देऊ नका, दोन उशा द्या,’ आणि दोन उशांनी तिला खरंच झोप लागली होती. “मंत्र्यांना कळवा हं, उशी लागू पडली,” ती म्हणाली होती. पुढच्या बुधवारी तिचं ऑपरेशन ठरलं होतं, खासगी दवाखान्यात, मंगळवारी पैसे भरायचे होते, आणि पैसे हिरव्या दरवाजाच्या बँकेत होते. आमचेच नाहीत, सगळ्या वस्तीचेच तिथे असायचे, परिचारिकांचे, मास्तरांचे, ड्रायव्हरांचे. दुपारी तीन वाजता मी वरचा परिच्छेद टाइप केला, ओळ सोडली, आणि मालक येरझाऱ्या घालत सांगायला लागले. मी टाइप केलं. बोटांना डोळे नसतात म्हणे. त्या दिवशी होते. एकेक अक्षर उमटत होतं आणि मी वाचत होतो. मग मालकांनी सही केली, मी पाकीट चिकटवलं, तोंड धुतलं आणि घरी गेलो. बायको भाजी चिरत नव्हती, पलंगावर बसून शेंगा सोलत होती. मी वरचा परिच्छेद म्हणून दाखवला. ती अकरावर हसली. “चोर कुठले, मोजता होय,” म्हणाली. मग म्हणाली, “पुन्हा.”

शुक्रवारी मी पासबुक घेऊन बँकेत गेलो. हे मी पंधरा वर्षांत कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही सांगितलं नसेल. रांगेत माझ्यापुढे नऊ माणसं होती. चौथा मालकांचा दातांचा डॉक्टर, त्याच्याकडे मोठी बॅग. सातवा मंत्र्यांच्या मेव्हण्याचा ड्रायव्हर, त्याच्याकडे दोन. दोघांनीही मला बघितलं आणि दोघंही माझ्याकडे बघून किंचित हसले, म्हणजे तुम्हीही का. त्या हसण्याने माझं काहीतरी झालं. मला वाटलं, मी पैसे काढले तर मी वाचलं असं होईल. आपण वाचत नाही, या एका गोष्टीवर माझं सगळं उभं होतं, पगार, मान, लग्नाकार्यातलं ‘वा’, आरशातलं तोंड. तत्त्व नव्हतं ते. भीतीही नव्हती, भीती असती तर बरं, भीतीला औषध असतं. नुसती सवय होती. माझ्या मागे मुलीच्या शाळेतल्या निवृत्त मोठ्या बाई उभ्या होत्या, पेन्शन भरायला आलेल्या. म्हणाल्या, “व्याज वाढणार म्हणतात, खरं का हो? तुम्ही पेपरवाले, तुम्हाला आधी कळतं.” मी म्हणालो, “बघू या.” स्लिप भरायला त्यांच्याकडे पेन नव्हतं. माझं दिलं. त्यांनी पेन्शनचा आकडा अक्षरांत आणि अंकांत लिहिला, मी पेन आठवणीने परत घेतलं, आणि खिडकीशी माझा नंबर आला तेव्हा मी दर महिन्याला काढतो तेवढेच, महिन्याच्या खर्चाचे, काढले. कॅशिअर म्हणाला, “बस एवढेच?” मी म्हणालो, “बस.”

रविवारी मतदान झालं. सोमवारी शटर उघडलं नाही. बातमी मंगळवारी आमच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आली, अत्यंत धक्कादायक, असं लिहिलं होतं. ऑपरेशन सरकारी इस्पितळात गेलं, तिथे यादी होती, यादीत सात आठवडे होते, आणि ती पाचव्या आठवड्यात गेली. डॉक्टर म्हणाले होते, आधी केलं असतं तरी काही सांगता येत नाही. हे वाक्य मी जपून ठेवलंय, वाटीशेजारी. मोठ्या बाई भेटायला आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, “तुमचेही अडकले ना? काय वेळ आली आपल्यावर.” आपल्यावर. वस्तीतल्या सगळ्यांनी मला आपल्यात घेतलं. मी मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “मंत्र्यांना कळवायला हवं. बहीण गेली म्हणून.” मी ते लिहिलं, दोन ओळी. तिकडच्याचं उत्तर आलं, पहिल्यांदाच खाली काही नव्हतं. वरचाच परिच्छेद होता, तोही एका वाक्याचा. ‘दोन्ही उशा काही दिवस तशाच राहू द्या.’

जिना तीन मजल्यांचा. दुसऱ्या मजल्यावर थांबून मी दाढीवरून हात फिरवला, एका बाजूला गुळगुळीत, दुसऱ्या बाजूला खरखरीत. दार उघडंच होतं. बबडी जमिनीवर बसली होती, चौतीस वर्षांची बाई, मांडी घालून, केस न विंचरलेले, आणि भोवती वर्तमानपत्राचे कपटे. हातात चष्म्याच्या दुकानातली बारीक कात्री. शेजारी शाळेची जुनी वही आणि गोंदाची बाटली. तिने वर बघितलं. डोळे लाल होते आणि ती हसत होती. “बाबा! अर्धा चेहरा कुठे विसरलास?” मग माझ्या काखेकडे बघून म्हणाली, “अरे वा, आणलेस! किती? सात? देवासारखा आलास. पानाच्या दोन्ही बाजूंना पत्रं आहेत, एका बाजूचं कापलं की मागची आई मधोमध तुटते.” तिने माझ्या हातातून प्रती ओढून घेतल्या आणि पहिली उघडून कापायलासुद्धा लागली. मी खुर्चीवर बसलो. ती वाचत होती, “माझा दात. हे बघ, दात. ही खिडकी. हा मंगळवार, दूध उतू गेलं, हे तर मला आठवतंय, आई मंगळवारसाठी भांडली होती तुझ्याशी. मूर्ख लोक, म्हणे खोकला म्हणजे टक्के. बाबा, एवढी आई होती तुझ्याकडे आणि तू पंधरा वर्षं मला एकही ओळ म्हणून दाखवली नाहीस?” मी म्हणालो, “पाठ राहिलं नाही.” ते खोटं होतं.

तिने वरचे परिच्छेद फार सुरेख कापले होते. कडा सरळ, एकही अक्षर तुटलेलं नाही. प्रत्येक परिच्छेद वहीच्या एका पानावर. पुरवणीच्या पानांत चौकोनी खिडक्या पडल्या होत्या, आणि प्रत्येक खिडकीखाली एकेक खालचा परिच्छेद तसाच लोंबत होता. मी ते बघत होतो. वाटलं, झालं, सुटलो, कात्री वरच चालते आहे. तेवढ्यात ती अकराच्या खोकल्याशी आली. ते तिने मोठ्याने वाचलं नाही. ओठ हलवत वाचलं, कापलं, गोंद लावला, चिकटवलं, तळव्याने दाबून धरलं. मग उरलेला कागद दूर ठेवायला उचलला आणि तो तिच्या हातातच राहिला. दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला सांगणारी बाई. मला तिचा डोळा डावीकडून उजवीकडे जाताना दिसत होता, थांबताना दिसला, पुन्हा पहिल्यापासून निघताना दिसला. स्वयंपाकघरात नळ टपकत होता. रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, होत नव्हती.

“हे गुरुवारचं पत्र आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“शुक्रवारी मी तुझ्याबरोबर होते. सायकल धरून मला बाहेर उभी केलीस. हिरव्या दरवाजाशी.” ती कागदाशीच बोलत होती. “तू बाहेर आलास आणि म्हणालास, चल, आईसक्रीम खाऊ. मला वाटलं, काय झालंय बाबाला आज. आईसाठी डब्यात घेतलं, घरी येईपर्यंत त्याचं पाणी झालं, तिने तेच पिऊन टाकलं.”

वकिलाचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, मी टाइप करत होतो, वाचत नव्हतो. ते कुणालाही पटलं असतं.

“आईला हे वाचून दाखवलं होतंस?”

“हो. त्याच संध्याकाळी.”

“सगळं?”

“वरचं.”

तिने मान हलवली, गिऱ्हाइकाचा नंबर लिहून घेताना हलवते तशी. ती ओरडली असती तर मी तिला डॉक्टरांचं वाक्य दिलं असतं. ती उठली, माझ्या खिशातून चष्मा काढला, स्वतःच्या ओढणीने दोन्ही काचा पुसल्या, आणि माझ्या नाकावर बसवला. हात अगदी हलके, एक दांडी घोटलेल्या बाजूला, एक खरखरीत बाजूला. मग तो खिडकी पडलेला कागद माझ्या हातात दिला आणि परत जमिनीवर जाऊन बसली. शेजारी शेंगांची टोपली होती, दुपारच्या भाजीची. ती तिने पुढ्यात ओढली.

“आता खालचं वाचून दाखव,” ती म्हणाली.

कागदाच्या खिडकीतून मला माझीच मांडी दिसत होती. त्याखाली अक्षरं होती. मी ती याआधी कधी मोठ्याने उच्चारली नव्हती. मी वाचायला लागलो. “बँकेची बातमी आमच्याकडे आली आहे. सोमवारी बँक उघडणार नाही हे आपण कळवलंत, त्याबद्दल आभार. मतदान होईपर्यंत बातमी आमच्या टेबलावरून हलणार नाही. कागदावरच्या जकातीचं आपण लक्षात ठेवालच. आपल्या दोघांच्या मंडळींना आपापलं आवरून घ्यायला शुक्रवार पुरेसा आहे.”

शेंगा सोलल्याचा आवाज थांबला. तिने वर बघितलं नाही.

“पुन्हा,” ती म्हणाली.